अखंड पेशींवरून बाह्यपटलाची पारगम्यता मोजताना: गळतीचा हिशेब आधी, वेग नंतर

बडोद्यातल्या आमच्या प्रयोगशाळेत दरवर्षी एम.एस्सी.चे चार-पाच विद्यार्थी, प्रतिजैविक जिवाणूचे बाह्यपटल (बाहेरचे आवरण) किती सहज ओलांडते हे मोजण्याचा हा प्रयोग करायला घेतात, आणि दरवर्षी त्यांतल्या बहुतेकांचा पहिला आलेख दिसायला देखणा आणि अर्थाने चुकीचा निघतो. रेषा सरळ असते, तिन्ही पुनरावृत्त्या एकमेकींशी जुळतात, आणि तरीही मोजलेला वेग प्रतिजैविक पेशीत शिरण्याचा नसून पेशींतून बाहेर गळलेल्या एन्झाइमचा असतो. चूक सहसा हाताची नसते, ती क्रमाची असते. जे मोजमाप सर्वांत आधी व्हायला हवे ते शेवटी केले जाते, किंवा वेळ उरला नाही म्हणून राहूनच जाते. त्यासाठी खालील पायऱ्या आम्ही ज्या क्रमाने करतो त्याच क्रमाने लिहिल्या आहेत.

## नेमके काय मोजायचे आहे

ई. कोलायसारख्या ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूला दोन पटले असतात आणि त्यांच्या मधल्या जागेला पेरिप्लाझम म्हणतात. बीटा-लॅक्टम प्रतिजैविकांचे (पेनिसिलिन, सेफालोस्पोरिन इत्यादी) लक्ष्य पेरिप्लाझममध्येच असल्यामुळे त्यांना फक्त बाहेरचे पटल ओलांडावे लागते, आणि ते बहुतांशी पोरिन नावाच्या प्रथिनांच्या छिद्रांमधून ओलांडले जाते. जिवाणूकडे ही औषधे फोडणारे बीटा-लॅक्टमेज हे एन्झाइम असेल, तर तेही पेरिप्लाझममध्येच असते. बाहेरच्या द्रवातले औषध पटल ओलांडून आत येते आणि आत येताच फुटते. काही सेकंदांत अशी स्थिर अवस्था येते की जितके आत येते तितकेच फुटते, त्यामुळे फुटण्याचा वेग मोजला की शिरण्याचा वेग हाती लागतो. झिमरमन आणि रोसेले यांनी १९७७ मध्ये मांडलेली ही पद्धत आजही वापरली जाते, कारण तिला स्पेक्ट्रोफोटोमीटरपलीकडे महागडे उपकरण लागत नाही.

हिशेबाचे सूत्र असे आहे:

पारगम्यता = शिरण्याचा वेग ÷ [पटलाचे क्षेत्रफळ × (बाहेरची संहती − पेरिप्लाझममधली संहती)]

पेरिप्लाझममधली संहती थेट मोजता येत नाही. ती संहती आणि एन्झाइमचा वेग यांचे नाते सांगणाऱ्या मायकेलिस-मेंटेन समीकरणावरून काढावी लागते, आणि त्यासाठी फोडलेल्या पेशींच्या लायसेटमध्ये त्याच एन्झाइमचा केएम (निम्म्या कमाल वेगासाठी लागणारी संहती) व व्हीमॅक्स (कमाल वेग) मोजावा लागतो. म्हणजे एका पारगम्यतेसाठी चार मोजमापे लागतात: गळती, अखंड पेशींचा वेग, लायसेटचा वेग आणि पेशींचे कोरडे वजन. यांतले एक जरी दुसऱ्या दिवशीच्या किंवा दुसऱ्या फ्लास्कमधल्या पेशींवर केले, तरी उत्तराला अर्थ राहत नाही.

> इशारा. एमआयसी (जिवाणूची वाढ रोखणारी औषधाची किमान संहती) जास्त आली म्हणून पटल कमी पारगम्य आहे, असा निष्कर्ष काढू नये. एमआयसीमध्ये पटल, एन्झाइम, बाहेर फेकणारे पंप आणि लक्ष्याची औषधाशी असलेली जवळीक या सगळ्यांचा वाटा एकत्र मिसळलेला असतो.

## पायरी १ : वाण निवडणे

सुरुवात ई. कोलाय के-१२ च्या निरुपद्रवी प्रयोगशाळा-वाणाने करावी आणि त्यात पीबीआर३२२ प्लास्मिड (डीएनएचे छोटे स्वतंत्र वर्तुळ) घालावे. या प्लास्मिडवर टेम-१ बीटा-लॅक्टमेजचे जनुक आहे, एन्झाइम भरपूर बनते आणि ते पेरिप्लाझममध्ये जाते. रुग्णाकडून आलेल्या वाणात एकाहून अधिक बीटा-लॅक्टमेज असू शकतात आणि मग केएम नेमका कोणाचा हे कळत नाही. म्हणून असे वाण नवशिक्याने हाती घेऊ नये.

सोबत आणखी तीन वाण लागतात. पहिला प्लास्मिड नसलेला मूळ वाण. त्यात गुणसूत्रावरच्या एएमपीसी या दुसऱ्या बीटा-लॅक्टमेजची किंचित क्रिया दिसते आणि ती किती आहे हे माहीत असायला हवे. दुसरा ओएमपीएफ हे पोरिन नसलेला उत्परिवर्ती, ज्याची पारगम्यता कमी यायला हवी. तिसरा एसीआरबी हा पंप नसलेला उत्परिवर्ती. हा तिसरा वाण बहुतेक जण गाळतात, आणि नायट्रोसेफिन (फुटल्यावर रंग बदलणारे सेफालोस्पोरिन) वापरायचे असेल तर तसे करणे महागात पडते, कारण एसीआरबी पंप नायट्रोसेफिनलाही पेरिप्लाझममधून बाहेर फेकतो. आत आलेले काही रेणू फुटण्याआधीच परत बाहेर गेले, तर फुटण्याचा वेग शिरण्याच्या वेगापेक्षा कमी दिसतो. पंप असलेल्या वाणावरून काढलेली पारगम्यता म्हणूनच किमान मर्यादा समजावी.

पंप थांबवण्यासाठी पीए-बीटा-एन हे रसायन वापरण्याचा मोह होतो. ते स्वतःच बाह्यपटल ढिले करते, त्यामुळे या प्रयोगात ते वापरू नये. ज्या गोष्टीचे मोजमाप करायचे तीच त्याने बदलते.

## पायरी २ : पेशी वाढवणे

पोरिनचे प्रमाण माध्यमावर ठरते आणि इथे एक साधी गोष्ट हमखास निसटते. क्षार किंवा तापमान वाढले की ओएमपीएफ कमी होते आणि अरुंद छिद्राचे ओएमपीसी वाढते. एलबी माध्यमाचे दोन प्रकार बाजारात मिळतात. मिलर प्रकारात लिटरमागे १० ग्रॅम मीठ असते, लेनॉक्स प्रकारात ५ ग्रॅम. कपाटातला एक डबा संपला म्हणून दुसरा उघडला, तर वाण तोच राहूनही पारगम्यता बदलू शकते. डब्यावरचे नाव वहीत लिहावे आणि संपूर्ण मालिका एकाच डब्यातून करावी.

1. ताज्या प्लेटवरची एकच वसाहत ५ मिलिलिटर एलबीमध्ये, प्लास्मिड टिकवण्यासाठी अँपिसिलिन घालून, रात्रभर ३७ अंशांवर वाढवावी.
2. सकाळी ती १०० पटींनी विरळ करून अँपिसिलिन नसलेल्या माध्यमात टाकावी. उरलेले अँपिसिलिन त्याच एन्झाइमसाठी नायट्रोसेफिनशी स्पर्धा करते, आणि पेशीभित्तीवर ताण आणून गळतीही वाढवू शकते.
3. ओडी (पेशी किती दाट आहेत हे दाखवणारे गढूळपणाचे वाचन) ६०० नॅनोमीटरला ०.५ ते ०.६ झाली की थांबावे. या टप्प्याच्या पुढे गेलेल्या पेशी घेऊ नयेत.

एका वर्षी उत्तरायणाच्या सुट्टीआधी वाढवलेला फ्लास्क फ्रिजमध्ये ठेवून, पतंगांचे दोन दिवस संपल्यावर त्याच पेशी एका विद्यार्थिनीने वापरल्या. वरचा द्रव नायट्रोसेफिन टाकताच डोळ्यांदेखत लाल झाला. फ्रिजमधल्या पेशी म्हणजे गळक्या पेशी, हे तेव्हापासून आमच्या फळ्यावर लिहिलेले आहे.

## पायरी ३ : बफर आणि नायट्रोसेफिन

बफर १० मिलिमोलर सोडियम फॉस्फेट, पीएच ७.०, आणि त्यात ५ मिलिमोलर मॅग्नेशियम क्लोराइड असे ठेवावे. मॅग्नेशियम इथे शोभेला नाही. बाह्यपटलाच्या बाहेरच्या थरातले लायपोपॉलिसॅकराइडचे ऋणभारित रेणू मॅग्नेशियम आणि कॅल्शियमच्या आयनांनी एकमेकांशी बांधलेले असतात. ते आयन निघाले की पटल सैल पडते. शिवाय पुरेसे मॅग्नेशियम असले की पटलाच्या दोन बाजूंमधला डोनन विभव (भारित रेणूंच्या असमान वाटपामुळे येणारा विद्युत फरक) कमी होतो, आणि भारित औषधांच्या शिरण्यावर त्याचा जो परिणाम होतो तो आटोक्यात राहतो.

फॉस्फेट आणि मॅग्नेशियम एकत्र ऑटोक्लेव्ह केले तर साका बसतो. दोन्ही वेगवेगळे निर्जंतुक करून थंड झाल्यावर मिसळावेत आणि बाटली उजेडासमोर धरून द्रव नितळ असल्याची खात्री करावी.

> इशारा. ट्रिस (एक नेहमीचा बफर) आणि ईडीटीए या प्रयोगात कोणत्याही टप्प्यावर नकोत. ईडीटीए मॅग्नेशियम ओढून घेते हे सगळ्यांना ठाऊक असते, पण ट्रिसही बाह्यपटल सैल करते हे विसरले जाते. मी स्वतः सुरुवातीच्या काळात, धुण्यासाठी जवळ तयार असलेली ट्रिसची बाटली उचलली आणि दोन आठवडे वाढीव आकडे वहीत लिहीत राहिले. शेवटचा बफर बरोबर होता, म्हणून संशयही आला नाही.

नायट्रोसेफिन हे पिवळे असते आणि बीटा-लॅक्टम वलय फुटले की लाल होते. न फुटलेल्याचे कमाल शोषण ३९० नॅनोमीटरच्या आसपास असते आणि फुटलेल्याचे ४८६ च्या. त्याचे रेणुवस्तुमान ५१६.५ आहे, म्हणजे १० मिलिमोलर साठ्यासाठी १ मिलिलिटर डीएमएसओ या द्रावकात ५.१६ मिलिग्रॅम विरघळवावे. लहान लहान भाग करून, काळ्या कागदात गुंडाळून उणे २० अंशांवर ठेवावेत. उन्हाळ्यात कुरियरने आलेली कुपी वाटेत किती तास तापली हे कोणी सांगत नाही. त्यामुळे नवी कुपी उघडल्यावर पुढची तपासणी आवर्जून करावी.

तपासणी. बफरमध्ये १०० मायक्रोमोलर नायट्रोसेफिन घेऊन एन्झाइमशिवाय ४८६ नॅनोमीटरवर दहा मिनिटे वाचन घ्यावे. रेषा आडवी असावी. मग त्यात जास्तीचे लायसेट टाकून ते पूर्ण फोडावे आणि अंतिम वाचनावरून मोलर शोषणांक (१ मोलर द्रावणाचे १ सेंटिमीटर जाडीतले शोषण) स्वतः काढावा. ४८६ नॅनोमीटरसाठी २०,५०० हे मूल्य सर्रास वापरतात, त्यानुसार पूर्ण फुटलेल्या १०० मायक्रोमोलरचे वाचन २.०५ यायला हवे. ४८२ नॅनोमीटरसाठी वेगळी मूल्ये छापलेली आढळतात. एका तरंगलांबीचे मूल्य दुसऱ्या तरंगलांबीवर लावणे ही हिशेबातली नेहमीची चूक आहे. तुमच्या उपकरणाला २ च्या आसपास सरळ रेषा राखता येत नसेल, तर ही तपासणी ५० मायक्रोमोलरवर करावी.

थायॉल असलेली रसायने, म्हणजे डीटीटी आणि मर्कॅप्टोइथॅनॉल, एन्झाइमशिवायही नायट्रोसेफिनचा रंग बदलतात. ती जवळपास असू नयेत. ज्यांना पेनिसिलिन किंवा सेफालोस्पोरिनची ॲलर्जी आहे, त्यांनी पूड स्वतः तोलू नये.

## पायरी ४ : पेशी गोळा करणे आणि धुणे

सूक्ष्मजीवशास्त्रात पेशी बर्फावर ठेवण्याची शिस्त आपल्या अंगात इतकी मुरलेली असते की इथे ती मोडताना हात अडखळतो. तरीही मोडावी. गरम वातावरणातून एकदम थंडीत गेलेल्या पेशींच्या पेरिप्लाझममधली प्रथिने बाहेर पडतात. ती प्रथिने मुद्दाम काढण्यासाठी ऑस्मोटिक शॉकची जी पद्धत वापरतात तिच्यातही थंड पाण्याचाच उपयोग करतात, हे लक्षात घ्यावे.

म्हणून सेंट्रिफ्यूज, बफर आणि नळ्या सगळे २५ अंशांवर ठेवावे. पद्धतीच्या कागदावर खोलीचे तापमान असे लिहिलेले असते, पण बडोद्यात मे महिन्यात दुपारी खोली चाळिशीकडे झुकते आणि जानेवारीत सकाळी स्वेटर काढवत नाही. खोलीचे तापमान हा आपल्याकडे आकडा नाही. एसी लावून किंवा पाण्याचा बाथ वापरून २५ अंश राखावेत आणि बफरच्या बाटलीत थर्मामीटर बुडवून पाहावे.

1. ३,००० जी (गुरुत्वाच्या ३,००० पट बल) वर १० मिनिटे सेंट्रिफ्यूज करावे. जी आणि फेरे प्रतिमिनिट यांची गल्लत करू नये. १० सेंटिमीटर त्रिज्येच्या रोटरवर ५,००० फेरे म्हणजे सुमारे २,८०० जी होतात, पण १०,००० फेरे केले तर ११,००० च्या पुढे जातात. फेरे दुप्पट झाले की जी चौपट होतो.
2. वरचा द्रव काढून पेलेटवर (तळाशी बसलेल्या पेशींवर) बफर ओतावा आणि नळी हातात धरून हळूहळू फिरवत पेशी सुटू द्याव्यात. व्होर्टेक्स (यंत्रावर जोरात घुसळणे) करू नये. पिपेटने वरखाली करायचे असेल तर टिपेचे टोक कापून रुंद करावे.
3. असे दोनदा धुवावे. तिसऱ्यांदा धुतल्याने स्वच्छता फारशी वाढत नाही, तुटफूट वाढते.
4. शेवटी ओडी ०.४ च्या आसपास येईल इतक्या बफरमध्ये पेशी घ्याव्यात आणि तासाभरात प्रयोग संपवावा.

## पायरी ५ : गळती मोजणे

सगळ्या लेखातली ही मुख्य पायरी आहे, आणि तिच्यासाठी वेळ काढता येत नसेल तर प्रयोग दुसऱ्या दिवशी करावा.

अडचण आकड्यांत समजून घेऊ. समजा, पेशी फोडल्यावर एकूण एन्झाइम १०० मायक्रोमोलर नायट्रोसेफिन मिनिटाला १३३ मायक्रोमोलर या वेगाने फोडू शकते, आणि अखंड पेशींमधून खरा शिरण्याचा वेग मिनिटाला फक्त २ मायक्रोमोलर आहे. पटल हा अडथळा असल्यामुळे असा मोठा फरक असणारच. आता एन्झाइमपैकी केवळ १ टक्का बाहेर गळले, तर ते एकटेच मिनिटाला १.३३ मायक्रोमोलर फोडेल, कारण त्याच्यापुढे पटल नाही. एकूण वेग ३.३३ दिसेल आणि त्यातला ४० टक्के भाग खोटा असेल. शंभरातल्या ९९ पेशी धडधाकट आहेत, या समाधानात राहणारा माणूस इथेच फसतो. गळती एन्झाइमच्या टक्केवारीत मोजली तर नगण्य वाटते, वेगाच्या टक्केवारीत मोजली तर ती सगळे उत्तर फिरवते.

कृती अशी:

1. पेशींचे निलंबन (बफरमध्ये तरंगत्या पेशी) तयार होताच १ मिलिलिटर काढून ५,००० जी वर ४ मिनिटे फिरवावे.
2. वरचे ८०० मायक्रोलिटर तळ न ढवळता उचलून, प्रथिने न धरणाऱ्या पीईएसच्या ०.२ मायक्रॉन फिल्टरमधून हलक्या दाबाने गाळावे. नायट्रोसेल्युलोजचा फिल्टर एन्झाइमच धरून ठेवतो आणि गळती शून्य असल्याचा भास होतो.
3. गाळलेल्या द्रवात १०० मायक्रोमोलर नायट्रोसेफिन टाकून ४८६ नॅनोमीटरवर पाच मिनिटे वाचन घ्यावे. हा सुरुवातीचा गळती-वेग.
4. निलंबनाच्या दुसऱ्या नळीत नायट्रोसेफिनऐवजी तेवढेच डीएमएसओ, म्हणजे १ टक्का, टाकून ती प्रयोग चालेपर्यंत २५ अंशांवर ठेवावी. प्रयोग संपल्यावर तिच्यावरही हीच कृती करावी. हा अखेरचा गळती-वेग.

अखेरचा वेग सुरुवातीच्या वेगापेक्षा बराच जास्त आला, तर पेशी प्रयोग चालू असतानाच झिजत आहेत असे समजावे. फक्त सुरुवातीचा आकडा वजा करून चालणार नाही.

आमचा अलिखित नियम असा की गळतीचा वेग एकूण वेगाच्या २० टक्क्यांपर्यंत असेल तर तो वजा करून पुढे जायचे, त्याहून जास्त असेल तर त्या दिवसाच्या पेशी ऑटोक्लेव्हमध्ये. हा आकडा आकाशातून पडलेला नाही आणि पवित्रही नाही, पण रेषा कुठेतरी आखावी लागते. ती प्रयोगाआधी आखलेली बरी, कारण आलेख पाहिल्यावर प्रत्येकाची रेषा सरकते.

विद्यार्थ्यांना मी एक करून पाहायला लावते. गाळलेला द्रव आणि साधा बफर असे दोन क्युवेट, दोन्हींत नायट्रोसेफिन, पांढऱ्या कागदावर शेजारी शेजारी ठेवायचे आणि चहा पिऊन यायचे. परत आल्यावर एक लिंबासारखा पिवळा असतो आणि दुसरा पिकलेल्या हापूसच्या सालीसारखा नारिंगीकडे झुकलेला. "मॅडम, यात तर एकही पेशी नाही!" हे वाक्य मी बरेचदा ऐकले आहे. ते एकदा तोंडून निघाले की पुढे ही पायरी कोणी गाळत नाही.

## पायरी ६ : अखंड पेशींचा वेग

क्युवेटमध्ये ९९० मायक्रोलिटर निलंबन घ्यावे. उपकरणाचा क्युवेट-कप्पा २५ अंशांवर स्थिर आहे हे पाहून १० मायक्रोलिटर नायट्रोसेफिन साठा टाकावा, झाकण लावून दोनतीनदा हळूच उलटसुलट करावे आणि लगेच वाचन सुरू करावे. दर ५ सेकंदांनी, एकूण ३ मिनिटे. उतार १५ ते ९० सेकंदांच्या भागावरून काढावा, सुरुवातीचे काही बिंदू मिसळण्याच्या गडबडीचे असतात.

निलंबन गढूळ असल्यामुळे पेशी स्वतः प्रकाश विखुरतात आणि वाचन शून्यापासून सुरू होत नाही. त्याची काळजी नसावी, आपल्याला उतार हवा आहे. काळजी करावी ती पेशी तळाला बसण्याची. नायट्रोसेफिनशिवाय फक्त पेशींचे वाचन तीन मिनिटे घेऊन पाहावे. तो उतार शून्य नसेल तर वाचनादरम्यान पेशी खाली बसत आहेत किंवा गुठळ्या होत आहेत.

तपासणी. तीन मिनिटांत १० टक्क्यांहून अधिक नायट्रोसेफिन संपले असेल तर बाहेरची संहती स्थिर आहे हे गृहीतक कोसळते. पेशी विरळ करून पुन्हा करावे.

## पायरी ७ : लायसेट

त्याच निलंबनाचे ५ मिलिलिटर बर्फावर ठेवून, १० सेकंद चालू आणि ३० सेकंद बंद अशा पाचसहा आवर्तनांत सोनिकेट करावे, म्हणजे ध्वनिलहरींनी पेशी फोडाव्यात. बर्फ इथे चालतो, कारण आता पेशी फोडायच्याच आहेत. फेस येऊ देऊ नये, फेसात प्रथिने बिघडतात. फिरवून घेतलेला स्वच्छ द्रव २० पट विरळ करून ५, १०, २५, ५०, १०० मायक्रोमोलर नायट्रोसेफिनवर वेग मोजावा. विरळ न करता मोजायला गेलात तर जवळजवळ सगळे नायट्रोसेफिन पहिल्या मिनिटातच संपते आणि उतार काढण्याइतकी सरळ रेषा उरत नाही. पाच बिंदूंवरून केएम आणि व्हीमॅक्स काढावेत आणि व्हीमॅक्सला २० ने गुणून मूळ निलंबनाच्या मापात आणावे. हे गुणणे विसरल्याची उदाहरणे माझ्याकडे वहीभर आहेत.

## पायरी ८ : कोरडे वजन

ओडीवरून वजन ठरवण्याचा ठोकताळा उपकरणागणिक बदलतो, म्हणून त्याच निलंबनाचे वजन स्वतः मोजावे. निलंबनाचे ठरावीक आकारमान फिरवून, पेशी शेवटी एकदा शुद्ध पाण्यात घेऊन, आधी तोललेल्या ॲल्युमिनियमच्या वाटीत १०५ अंशांवर रात्रभर वाळवावे. पाण्यात धुतले नाही तर फॉस्फेटच्या क्षाराचेही वजन जमेस धरले जाते. हा भाग वेगळा काढलेला असावा, त्या पेशी प्रयोगाला परत वापरायच्या नाहीत.

## पायरी ९ : हिशेब

एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊ. आकडे हाताळायला सोपे जावेत असे घेतले आहेत.

अखंड पेशींचा एकूण उतार मिनिटाला ०.०४७, गळतीचा ०.००६, म्हणजे निव्वळ ०.०४१. याला २०,५०० ने भागले की मिनिटाला २ मायक्रोमोलर मिळतात. म्हणजेच मिलिलिटरमागे मिनिटाला २ नॅनोमोल, किंवा सेकंदाला ०.०३३ नॅनोमोल. गळती इथे एकूण वेगाच्या सुमारे १३ टक्के आहे, चालण्यासारखी.

कोरडे वजन मिलिलिटरमागे ०.१५ मिलिग्रॅम. पटलाचे क्षेत्रफळ १ मिलिग्रॅम कोरड्या पेशींमागे १३२ चौरस सेंटिमीटर धरण्याचा प्रघात आहे. म्हणून १९.८ चौरस सेंटिमीटर.

केएम ५० मायक्रोमोलर आणि व्हीमॅक्स मिनिटाला २०० मायक्रोमोलर आला असे समजा. पेरिप्लाझममधली संहती = केएम × वेग ÷ (व्हीमॅक्स − वेग) = ५० × २ ÷ १९८, म्हणजे सुमारे ०.५ मायक्रोमोलर. बाहेरच्या १०० पुढे ती नगण्य आहे, फरक ९९.५.

१०० मायक्रोमोलर म्हणजे घन सेंटिमीटरला १०० नॅनोमोल. हे एकक न बदलल्यामुळे उत्तर हजार पटींनी चुकते. पारगम्यता = ०.०३३ ÷ (१९.८ × ९९.५), म्हणजे सुमारे १.७ × १०⁻⁵ सेंटिमीटर प्रतिसेकंद.

पेरिप्लाझममधली संहती नेहमीच इतकी कमी येईल असे नाही. एन्झाइम कमी बनवणारा वाण घेतला आणि मोजलेला वेग व्हीमॅक्सच्या निम्मा आला, तर आतली संहती केएमइतकी, म्हणजे वरच्या उदाहरणात ५० मायक्रोमोलर होईल. तेव्हा ती शून्य धरली तर पारगम्यता निम्मीच येईल.

## आकडा वहीत उतरवण्याआधी

तीन तपासण्या कराव्यात आणि त्या याच क्रमाने कराव्यात. पहिली, पेशी निम्म्या केल्यावर निव्वळ वेग निम्मा होतो का. दुसरी, बाहेरची संहती २५, ५० आणि १०० मायक्रोमोलर ठेवल्यावर पारगम्यता एकच येते का. ही दुसरी तपासणी फार बोलकी आहे. पटलातून होणारा शिरकाव संहतीच्या प्रमाणात वाढतो, तर गळलेल्या एन्झाइमच्या वेगाची वाढ केएम ओलांडल्यावर मंदावत जाते. संहती वाढवल्यावर पारगम्यता उतरत गेली, तर गळती पुरती वजा झालेली नाही असा पहिला संशय घ्यावा. उलट ती वाढत गेली, तर पंपाकडे पाहावे, कारण कमी संहतीवर पंप आत आलेल्यातला मोठा वाटा परत फेकतो आणि जास्त संहतीवर तो संपृक्त होतो. एसीआरबी नसलेल्या वाणात ही वाढ नाहीशी व्हायला हवी.

तिसरी, पेशींना पॉलिमिक्सिन बी नोनापेप्टाइड दिल्यावर वेग उसळतो का. हा रेणू पेशी न मारता बाह्यपटल सैल करतो. वेग वाढलाच नाही, तर पटल आधीच सैल असल्याचा संशय घ्यावा. मात्र याही नळीची गळती स्वतंत्रपणे मोजावी.

## दुसऱ्या औषधांकडे वळताना

सेफालोरिडिनसारखी इतर सेफालोस्पोरिने रंग बदलत नाहीत. त्यांचे फुटणे २६० नॅनोमीटरच्या आसपास शोषण कमी होण्यावरून मोजतात, त्यासाठी क्वार्ट्झचे क्युवेट लागतात, आणि पेशींतून झिरपलेले न्यूक्लिक आम्ल त्याच भागात शोषण करत असल्यामुळे फक्त पेशींचे वाचन सोबत ठेवणे अपरिहार्य ठरते. औषधांची तुलना करताना भार लक्षात ठेवावा: ई. कोलायच्या पोरिनमधून धन व ऋण असे दोन्ही भार असलेले रेणू एका ऋणभाराच्या रेणूंपेक्षा सहज जातात, आणि दोन ऋणभारांचे रेणू सर्वांत मागे राहतात. स्यूडोमोनास एरुजिनोसा या जिवाणूकडे वळणार असाल तर तिचे पटल ई. कोलायच्या तुलनेत अनेक पटींनी घट्ट असते हे धरून चालावे. शिरण्याचा वेग इतका कमी असतो की तेवढीच गळती तिथे जवळजवळ सगळा आकडा व्यापून टाकते.

सिप्रोफ्लॉक्सॅसिन किंवा टेट्रासायक्लिनसाठी ही पद्धत लागू पडत नाही, कारण बीटा-लॅक्टमेज त्यांना फोडत नाही. तिथे पेशी सिलिकॉन तेलाच्या थरातून खाली उतरवून, बाहेरच्या द्रवापासून वेगळ्या करून, आतले औषध मास स्पेक्ट्रोमीटरवर मोजतात. ते मोजमाप साठलेल्या औषधाचे असते, त्यात दोन्ही पटले आणि पंप येतात.

राहिला एनपीएनचा प्रयोग. तो अर्ध्या तासात होतो म्हणून पुष्कळ प्रबंधांत पारगम्यतेचा पुरावा म्हणून दिसतो. एनपीएन हा पाण्याला टाळणारा रंजक आहे. बाह्यपटल बिघडले की तो पटलाच्या स्निग्ध भागात शिरतो आणि ३५० नॅनोमीटरच्या प्रकाशात ४२० च्या आसपास चमकतो. एखाद्या रसायनाने पटल सैल झाले का, हे विचारायला तो चांगला आहे. पोरिनच्या छिद्रातून जाणाऱ्या प्रतिजैविकाबद्दल तो काहीही सांगत नाही. ओएमपीएफ नसलेल्या वाणात एनपीएनची चमक मूळ वाणाइतकीच आली आणि नायट्रोसेफिनचा वेग मात्र उतरला, तर दोन्ही प्रयोग बरोबर असू शकतात.